डॉल्बीपुढं झोपणारा वाघ

मंगळवार पेठेतल्या निम्म्या कर्त्या पुरुषांचे कान मी उपटलेले आहेत. महापालिकेच्या शाळेत मी मराठी शिकवायचे, तेव्हा ही सगळी मंडळी एका हाताने चड्डी सावरत आणि दुसऱ्या हाताने नाक पुसत वर्गात यायची. आता त्यांच्या गळ्यात साखळ्या आहेत, गाड्यांवर मंडळाची नावं आहेत आणि चौकात स्वतःच्याच वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत. अक्कल मात्र मी चौथीच्या वर्गात सोडली होती तेवढीच आहे. यात माझा स्वतःचा मुलगाही आला. हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल, हाफिजाबाई फक्त लोकांच्या पोरांवर तोंडसुख घेतात.

माझे यजमान बादशहा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. एखादा सूर चुकला तर घरी येऊन जेवायचे नाहीत, असा माणूस. ते गेल्यावर माझ्या मुलाने, तौसीफने, मोठमोठे स्पीकर घेतले आणि धंद्याला बापाचं नाव दिलं, 'बादशहा साउंड'. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कपाटाएवढे स्पीकर एकावर एक रचायचे आणि मिरवणुकीत वाजवत न्यायचे, हा तो धंदा. आमच्याकडे याला डॉल्बी म्हणतात. ज्या माणसाने आयुष्यभर फुंकर घालून सूर काढला, त्याच्या नावाने आता लोकांच्या खिडक्यांच्या काचा तडकतात. माझा मुलगा म्हणतो, अब्बांचं नाव केलं.

तौसीफची बायको तमन्ना कोडोलीची. ती फारसं बोलत नाही, आणि आमच्या घरात तिला तशी संधीही नाही. त्यांचा मुलगा कामिल. गोरा, गुटगुटीत, टपोऱ्या डोळ्यांचा. गेल्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत तौसीफ त्याला ट्रॉलीवर घेऊन गेला. पोर नुकतं पाऊल टाकायला लागलं होतं. मिरवणूक रंगात आली, आजूबाजूच्या दुकानांची शटरं थरथरायला लागली, एका म्हाताऱ्याला छातीत धडधडतंय म्हणून लोकांनी उचलून गल्लीत नेलं, आणि कामिल स्पीकरला पाठ टेकून गाढ झोपून गेला.

मंडळाचा अध्यक्ष उदयसिंह. हाही माझाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. त्याने मोबाइल काढला आणि त्या झोपलेल्या पोराचा व्हिडिओ केला. वर स्वतःचा आवाज टाकला, "डॉल्बीपुढं झोपतोय भावांनो, वाघाचं काळीज हाय ह्याचं." दुसऱ्या दिवसापर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला. कोडोलीहून तमन्नाच्या माहेरच्यांचे फोन आले. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला तौसीफ साउंड घेऊन गेला, तर तिथले गुलालवाले विचारायला लागले, वाघाला आणलाय का. नव्या मिरवणुकीची सुपारी ठरवताना लोक अट घालायला लागले, छोटा बादशहा ट्रॉलीवर पाहिजे.

एवढ्या हजारो लोकांनी तो व्हिडिओ बघितला. जिथे मोठ्या माणसाचं काळीज लटपटतं तिथे हे दुधाचं पोर झोपतं कसं, असा साधा प्रश्न त्यातल्या एकालाही पडला नाही. मला पडला. मी विचारला, तर तौसीफ म्हणाला, "अम्मी, रक्तातच हाय ते."

बायका तरी बऱ्या असतील म्हणावं, तर त्यांचं वेगळंच. कामिल कशासाठीही हाका मारत नाही, हट्ट करत नाही, मांडीवर दिला तर टकाटका तोंडाकडे बघत बसतो. म्हणून जी ती म्हणायची, "किती गरीब पोर हाय बाई, आवाज म्हणून न्हाय." आपल्याकडे ज्या पोराचा त्रास नाही त्याला गरीब म्हणतात. पोर आजारी असो, अर्धमेलं असो, ओरडलं नाही म्हणजे झालं. तमन्नाला आधी त्या कौतुकाचं बरं वाटायचं. मग हळूहळू ती असं कुणी म्हणालं की पोराला उचलून आत जायला लागली.

दुसरं वर्ष भरत आलं तरी कामिल एक अक्षर बोलेना. अम्मी नाही, अब्बा नाही, पाणी नाही. लगेच गल्लीतले जाणकार पुढे सरसावले. कुणी म्हणालं, मुलगे उशिराच बोलतात. कुणी म्हणालं, जीभ जड आहे. शेजारची आक्का पोपटाने उष्टावलेला पेरू घेऊन आली, तो खाऊ घातला की पोर पोपटासारखं बोलतं म्हणे. तो पेरू मी तिच्यादेखत केराच्या बादलीत टाकला. आक्का अजून माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे बरंच वाचायला मिळतं.

या सगळ्यांवर ताण केली ती तौसीफने. तो मला सांगायला लागला की तोही चौथ्या वर्षी बोलला होता. मला सांगत होता, मला. मी त्याला जन्म दिलाय. हा मुलगा पहिला वाढदिवस व्हायच्या आत बोलायला लागला आणि अजून थांबलेला नाही.

एके दिवशी दुपारी तमन्ना माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अम्मी, मी मागनं हाक मारली तर ह्यो वळत न्हाय. समोर गेल्यावरच हासतोय." ती हे कितीतरी दिवस मनात घेऊन फिरत असणार, कारण एवढं बोलून ती रडायलाच लागली.

संध्याकाळी तौसीफ आल्यावर मी विषय काढला. तो हसला. "चला, दावतो," म्हणाला, आणि आम्हा दोघींना घेऊन गल्लीच्या टोकाला गोदामात गेला. तिथे स्पीकर ठेवतात. जमिनीवर प्लायवुड टाकलेलं आहे. त्याने कामिलला चपला काढून मधोमध उभं केलं, आपण त्याच्या पाठीमागे गेला आणि गाणं लावलं. कामिल चटकन वळला. मग गुडघे वाकवून नाचायला लागला. कामावरच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. तौसीफ छाती काढून म्हणाला, "ऐकतोय की. ठेका बघ, कसा बरोबर धरलाय."

माझं लक्ष पोराच्या पायांकडे होतं. मी पुढे झाले आणि त्याला उचललं. गाणं तेवढ्याच जोरात चालू होतं. कामिलचं नाचणं थांबलं. तो माझ्या चष्म्याशी खेळायला लागला. खाली प्लायवुडवर ठेवला, नाचला. बाजूला गाद्यांच्या ढिगावर ठेवला, थांबला, आणि खाली उतरायची धडपड करायला लागला. मी हे पुन्हा पुन्हा केलं. तमन्ना तोंडावर पदर धरून बघत होती.

"त्याला ऐकू येत नाही," मी तौसीफला म्हणाले. "लाकूड हादरतंय ते त्याला पायाला कळतंय."

"अम्मी, तुला साउंडमधलं काय कळतंय?" तो म्हणाला. "बेस असाच असतोय. त्यो कानात न्हाय, अंगात लागतोय."

स्वतःच्या तोंडाने सांगत होता गाढव, आणि आपण काय बोललो ते त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. शाळेत असताना गणित बरोबर सोडवून उत्तर चुकीचं लिहायचा, तसंच.

मग मी आणि तमन्ना त्याला न सांगता रिक्षा करून सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे लहान मुलांसाठी एक केंद्र आहे. ज्यांची पोरं वेळेवर मान धरत नाहीत, बसत नाहीत, चालत-बोलत नाहीत, त्यांना तिथे तपासतात आणि शिकवतात. मोठ्या रंगीत चेंडूवर पोटावर झोपवलेलं एक बाळ, भिंतीला धरून पाऊल टाकणारी एक मुलगी, एका मुलाला चमचा धरायला शिकवणारी बाई. बाहेर बाकांवर बसलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींनी तोंडाला स्कार्फ बांधले होते. पंख्याखाली, सावलीत, स्कार्फ. कुणी ओळखलं तर घरात काय म्हणतील, याची भीती. पोराला दोन पावलं चालायला यावं म्हणून रोज येणाऱ्या बाईने तोंड लपवायचं आणि घरी बसून मिशा पिळणाऱ्याने चौकात ताठ फिरायचं, अशी आमच्याकडची इज्जत आहे.

रोहिणी मगदूम नावाच्या मॅडम तिथे कानाची तपासणी करतात आणि बोलायला शिकवतात. बाई तुटक, पण कामाची. कामिलला तमन्नाच्या मांडीवर बसवून त्यांनी मागून घंटा वाजवली, खुळखुळा वाजवला, ताटली वाजवली. तो समोरच्या भिंतीवरच्या हत्तीच्या चित्राकडे बघत राहिला.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "बोलायचं शिकायचं वय असतं, आणि ते ह्याचं आत्ता चाललंय. ह्या वयात कानातून आवाज गेला नाही, तर डोक्यातली ती जागा दुसऱ्या कामाला लागते. मग पुढे कानाला कितीही भारी मशीन लावा, आवाज येईल, पण त्याचा अर्थ लागणार नाही. आधी किती ऐकू येतंय ते मशीनवर बघावं लागेल, म्हणजे पुढचं सगळं सुरू करता येईल. फक्त त्यासाठी पोर झोपलेलं लागतं. हललं की तपासणी बिघडते."

झोपेची काय चिंता, असं मला वाटलं. गावभर ज्याच्या झोपेचं कौतुक तो पोरगा. पण तपासणीच्या दिवशी त्या गादी लावलेल्या शांत खोलीत कामिल काही केल्या झोपेना. तमन्नाने मांडीवर घेतला, मी खांद्यावर घेतला. डॉक्टरांनी दिलेलं झोपेचं औषध त्याने अर्धं माझ्या साडीवर थुंकलं आणि उरलेल्या अर्ध्याने त्याला आणखीच तरतरी आली. डोळे लाल झाले, रडून हुंदके आले, पण झोप नाही.

"घरी कसा झोपतो?" मॅडमनी विचारलं.

तमन्ना खाली मान घालून म्हणाली, "बापाजवळ. साउंडची टेस्टिंग चालू असली की स्पीकरवरच झोपतोय. न्हायतर बाप पाठीवर थापा मारतोय, ठेका धरून."

"मग बापाला आणा," मॅडम म्हणाल्या आणि पुढची तारीख दिली. ती चुकली तर नंबर एकदम दिवाळीनंतर लागणार होता.

तारीख नेमकी आली ती उदयसिंहाच्या मंडळाच्या गणपतीच्या आगमनाच्या दिवशी. हल्ली गणपती नुसता आणत नाहीत, त्याचं आगमन होतं, आणि त्यालाही डॉल्बी लागतो. त्या दिवशी कामिलला नवा फेटा बांधून ट्रॉलीवर बसवायचं केव्हाच ठरलं होतं. चौकात फ्लेक्सही लागला होता. वर अध्यक्ष, खाली वाघ. कुठला कोण ते कळावं म्हणून नावं घातली होती, हे बरं केलं.

तौसीफने दवाखान्याचं ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. मला न विचारता गेलात कशाला, लोकांनी बघितलं का, कुणाशी बोललात. पोराला काय झालंय हे त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने उदयसिंहही आला. चपला दारात काढून, माझ्या पायाला हात लावून बसला. एवढं मी शिकवलेलं त्याला आठवतं.

"बाई, बोलंल की पोरगं," तो म्हणाला. "कशाला काळजी करताय? डॉक्टर लोक भ्या घालून धंदा करत्यात."

"सरकारी दवाखाना आहे. फुकट आहे. धंदा कसला?"

"मग फुकटच्याला कशाला जाताय?" तो म्हणाला.

मी चष्मा पुसायला घेतला, तर त्याला वाटलं मला पटलं. मग त्याने आवाज खाली आणून खरं काय ते सांगितलं. "बाई, एवढा व्हिडिओ गाजलाय. वाघ म्हणून लोकं फोटो काढून घेत्यात. उद्या तीच लोकं म्हणाली, ह्याला ऐकूच येत न्हाय म्हणून झोपला हुता, तर काय इज्जत ऱ्हाईल? आमची सोडा, तौसीफची."

तौसीफ मान डोलवत होता. मला दोघांचे कान धरून बाकावर उभं करावंसं वाटलं. ज्या पोराला कान नाहीत त्याची यांना चिंता नव्हती. व्हिडिओची होती.

"मी जानार," तमन्ना स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"जा की," तौसीफ म्हणाला. "पोरगं माझ्यासंगं येनार."

त्या गोदामाची जागा यजमानांनी माझ्या नावावर घेतली होती. आगमनाच्या दिवशी सकाळी, कामावरची माणसं यायच्या आधी, मी गोदामाला माझं कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि तमन्नाला आणि कामिलला घेऊन दवाखान्यात जाऊन बसले. तौसीफला कुलूप दिसलं तसे फोन यायला लागले. मी एकच उत्तर दिलं. "किल्ली दवाखान्यात आहे. येऊन घे."

तो आला. टोपी उलटी, गळ्यात मंडळाचा पट्टा, मागे कामावरचा एक माणूस. त्या कॉरिडॉरमध्ये शिरताना त्याने आधी इकडे तिकडे बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना. मग आवाज दाबून म्हणाला, "अम्मी, किल्ली दे. सगळी खोळंबल्यात. तमाशा करू नको."

"पोराला झोपव. मग किल्ली."

"ह्ये काय चाललंय?"

"चौथीतलं वाक्य आहे. पुन्हा सांगू?"

त्याने तमन्नाकडे बघितलं. तिने कामिलला उचलून त्याच्या हातात दिलं. पोराने बापाला बघून दोन्ही हात गळ्यात टाकले आणि त्याच्या छातीवर गाल टेकला. तौसीफ चरफडत खोलीत गेला, भिंतीला टेकून बसला आणि पोराच्या पाठीवर तळहाताने थापा मारायला लागला. धुम्म, धुम्म, मध्ये एक छोटी, पुन्हा धुम्म. खोलीत दुसरा आवाज नव्हता. कामिलचे डोळे जड झाले, मिटले. मी बाहेर जाऊन किल्ली त्या माणसाच्या हातावर ठेवली. तो पळत सुटला.

तौसीफही निघाला असता. पण मॅडमनी पोराला गादीवर निजवून त्याच्या कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवल्या, कानांना हेडफोन लावला, समोर स्क्रीन चालू केला, आणि हा थांबला. पोरासाठी नव्हे. मशीन बघायला. कुठल्या कंपनीचं, किती वॉटचं, असले प्रश्न विचारायला लागला. मॅडमनी बोटानेच गप्प केलं.

"आता कानात टिकटिक असा आवाज सोडतेय," त्या हळू म्हणाल्या. "कानाने ऐकलं की आतून लाट उठते, ती इथे दिसते. बघा, सध्या हळू आवाज आहे."

स्क्रीनवर एक रेघ सरकत होती. जवळजवळ आडवी. मॅडम आवाज वाढवत गेल्या. रेघ तशीच. स्वतःच्या धंद्यात असल्या रेघा बघूनच पोट भरणारा माझा मुलगा पुढे वाकला.

"वाढवा की अजून," तो म्हणाला.

त्यांनी वाढवला.

"अजून."

"हा शेवटचा," मॅडम म्हणाल्या. "याच्या वर हे मशीन जात नाही."

"मग मशीन बंद पडलंय तुमचं," तौसीफ म्हणाला. "काय लेव्हलच दाखवंना."

मॅडम काही बोलायच्या आत त्याने वाकून पोराच्या एका कानावरचा हेडफोन अलगद काढला आणि स्वतःच्या कानाला लावला. तसा तो दचकून मागे सरकला, डोळे गच्च मिटले गेले, हात कानाकडे गेला. डॉल्बीच्या पोटाशी उभा राहून जेवणारा माणूस. त्याने तो हेडफोन हातात धरून एकदा त्याच्याकडे बघितलं आणि एकदा खाली झोपलेल्या कामिलकडे. पोराची पापणीसुद्धा हलली नव्हती.

मग त्याने तो हेडफोन परत पोराच्या कानावर ठेवला, नीट बसवला, आणि बाजूच्या स्टुलावर बसला. मला त्याच्यावर हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. माझाच मुलगा तो, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दुसरा कान तपासून झाल्यावर मॅडमनी सरळ सांगितलं. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. जन्मापासून असावं. लगेच कानाला ऐकायचं मशीन लावून बघायचं, बोलणं शिकवायला रोज इथे आणायचं, घरीही तेच करायचं, आणि फरक पडला नाही तर कानाच्या ऑपरेशनचा विचार आत्ताच करायचा, दोन वर्षांनी नाही.

"डॉल्बीनं झालं का ह्ये?" तौसीफने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. पण थोडंफार काही शिल्लक असेल तर ते जपायला पाहिजे. आजपासून हा डॉल्बीपुढं जाणार नाही."

"म्हंजे मी हाक मारत हुतो ती..." त्याने वाक्य अर्धं सोडलं.

आम्ही बाहेर आलो. कामिल बापाच्या छातीशी झोपलेलाच होता. एवढ्यात तौसीफचा फोन वाजला. उदयसिंह. स्पीकरच्या तोंडाशीच उभा असणार, कारण तो इतका ओरडत होता की आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि त्याच्या मागे बादशहा साउंड धडधडत होता.

"कुठं हाईस भावा? वाघाला आण की लवकर, लोकं फोटोसाठी थांबल्यात."

"त्यो येनार न्हाय," तौसीफ हळू म्हणाला.

"काय?"

"कामिल येनार न्हाय. त्याला ऐकू येत न्हाय."

"व्हय, मला बी ऐकू येईना. डॉल्बी लागलाय. मोठ्यानं बोल."

तौसीफने कॉरिडॉरमध्ये नजर फिरवली. बाकांवर बायका बसल्या होत्या, पाण्याच्या टाकीजवळ पुरुष उभे होते. "बहिरं हाय म्हटलं पोरगं," तो थोडा आवाज चढवून म्हणाला.

"कोन हाय? कोन आलंय?"

"बहिरं."

"भावा, कायबी कळंना. जोरात बोल."

"बहिरं हाय माझं पोरगं," तौसीफ ओरडला. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. आत बाळांना चेंडूवर झोपवून शिकवणारी बाई दारात आली. "कामिल बहिरा हाय. ऐकू येत न्हाय त्याला. बहिरा हाय, बहिरा."

पलीकडून नुसतंच हॅलो, हॅलो चाललं होतं. तौसीफ पुन्हा ओरडला, त्याचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, तरी ओरडतच राहिला.

त्या हादऱ्याने कामिल जागा झाला. त्याचा गाल बापाच्या छातीला लागलेला होता. त्याने मान वर करून बापाच्या तोंडाकडे बघितलं, त्याच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि खुदकन हसला. बाप ओरडला की हा हसायचा. शेवटी तौसीफने फोन बंद केला आणि तो गप्प उभा राहिला. कामिल थोडा वेळ थांबला, आणि मग त्याने बापाच्या गळ्यावर हाताने थापटलं, परत कर म्हणून.